बिजागरी

खराडी,
रविवार, ९ मार्च २०२५

ती. श्यामलामावशीस,
नमस्कार. पत्राचा मायना नववीत शिकले होते, तोही मार्कांपुरताच. त्यामुळे नुसत्या नमस्कारावर भागवून घे.

गेल्या नऊ दिवसांत मी तुला एकोणीस फोन केले. पहिले आठ वाजून वाजून बंद पडले, पुढचे अकरा लागलेच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक दिसते. आज रविवार, दहा वाजलेत. ही आपली फोनची वेळ आणि मी हातात पेन घेऊन बसले आहे. काल पोस्टात पाकीट घेताना तिथल्या बाईंनी पत्ता पाहिला आणि विचारलं, "कोथरूडच ना? मग फोन का नाही करत?" मी म्हटलं, रेंज नाही.

तू तो व्हिडिओ पाहिलास हे आईकडून कळलं. मावशी, आधी नीट सांगते. आमच्या टीमचं काम म्हणजे दिवसभर फोन. मी आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा साईनाथ, मांजरी गावचा आहे तो, वर्षभर गमतीने शब्द पाडतोय. त्याची एक यादी झाली, तिला आम्ही 'फोनकोश' म्हणतो. बॉसचा फोन आला की ज्याचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली येतो तो 'साहेबसूर'. बसमध्ये घरचं भांडण सगळ्यांना ऐकवणारा 'स्पीकरदार'. निळी टिक देऊन गप्प बसणारा 'टिकमौनी'. "ठेवू का?" विचारून पुढे अर्धा तास न ठेवणारे 'ठेवूके'. आणि विषय नकोसा झाला की "हॅलो, हॅलो, तुटतंय" म्हणणारे 'रेंजरडे'.

सत्तावीस फेब्रुवारीला ऑफिसात मराठी भाषा दिन झाला. ज्यांना मराठी अजिबात येत नाही त्यांनी सगळ्यांत मोठे फेटे बांधले होते. मला दहा मिनिटं दिली होती, मी फोनकोश वाचला. लोक हसत होते, मीही वाहवत गेले. शेवटचा शब्द होता 'बिजागरी', म्हणजे तेल न घातलेल्या दारासारखा आवाज. तिथे मी थोडी नक्कल केली. ती कुणाची असं काही ठरवलेलं नव्हतं. तुला ती तुझ्या आवाजासारखी वाटली असेल तर खरंच योगायोग समज.

कुणीतरी ते शूट केलं आणि सगळीकडे गेलं. मला फार वाईट वाटतंय.

पण माझ्यावरच्या रागापायी बोलणं थांबवू नकोस. तुझ्या थायरॉइडच्या ऑपरेशनला सात महिने झाले. थेरपिस्ट बाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं की एक स्वरतंतू हलत नाही, दुसऱ्याला रोज बोलून बोलून पलीकडे पोचायला शिकवायचं, आणि वर्षभरात जेवढा आवाज येईल तेवढाच पुढे राहील. आता पाचच महिने उरलेत. रविवारचा आपला फोन हा त्यातला मोठा व्यायाम होता. तो चालू राहू दे.

तुझी,
ऋचा


कोथरूड,
१५ मार्च २०२५

चि. ऋचास,
आशीर्वाद. राग आलेला असला तरी थोरांनी तो लिहायचा असतो, म्हणून लिहिला.

तुझं पत्र पाचव्या दिवशी पोचलं. खराडीहून चालत निघाली असतीस तर त्याच दिवशी संध्याकाळच्या चहाला आली असतीस.

व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यमुनाबाईंनी टाकला. खाली लिहिलं होतं, 'नक्की ऐका, हसून पोट दुखेल'. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नाही की ही माझी भाची. मी पूर्ण पाहिला, आणि मग पुन्हा पाहिला.

शब्दांबद्दल माझं मत सांगते, तू विचारलं नसलंस तरी. 'ठेवूके' उत्तम. 'रेंजरडे' त्याहून उत्तम, त्यात अनुभव दिसतो. 'साहेबसूर' बरा आहे. 'स्पीकरदार' ओढूनताणून आणलेला वाटतो, पण टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. पुण्यात आता हे असंच चालायचं.

नक्कल मात्र अप्रतिम. माझा घसा तर तू घेतलासच. "आज मी भाजीवाल्याला मेथी म्हणाले आणि त्याने मेथीच दिली," हे वाक्यही माझं जसंच्या तसं घेतलंस. कौतुक पुढेच आहे. वाक्य संपताना माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पाचाचे ठोके देतं, तेही तू तोंडाने काढलेस. आमच्या घड्याळाचा शेवटचा ठोका जरा दबका पडतो. तोही दबकाच काढलास. अशी कला अंगात असताना आयटीत का बसली आहेस, कळत नाही.

मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात कानाला हेडफोन लावून बसले आहे, एवढं लक्षात असू दे.

तब्येत ठीक. फोन बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. व्यायामाचं माझं मी बघेन.

श्यामलामावशी

ता. क. मेथी आता मी बोटाने दाखवते.


खराडी,
२२ मार्च २०२५

ती. मावशीस,
ती नक्कल नव्हती.

हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. तुझं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. सोसायटीच्या गेटवरच उभ्याने वाचलं आणि परत वर आले. घड्याळापर्यंत पोचले आणि कान तापले. तुला सगळं कळलेलं होतं आणि मी खोटं बोलतेय हे तू शांतपणे वाचत होतीस.

तो तुझा खरा मेसेज होता. नोव्हेंबरातला, ऑपरेशननंतर तू कुणालाही पाठवलेला पहिला आवाज. त्याआधी तीन महिने तू सगळ्यांना फक्त टाइप करून उत्तरं द्यायचीस. मीच तुझ्या मागे लागले होते. 'मला एकटीला पाठव, कुणाला ऐकवणार नाही' असं मी लिहिलं होतं. ते अजून आपल्या चॅटमध्ये आहे. काल वर जाऊन पाहिलं आणि फोन पालथा टाकला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी आणि साईनाथ सराव करत होतो. बिजागरीसारखा आवाज मला काही केल्या काढता येईना. तेव्हा मला तुझा मेसेज आठवला. मी साईनाथला सांगितलं की नेटवर सापडला. म्हणजे लाज तेव्हाही वाटत होती, फक्त मी ती त्याच्यापासून लपवली आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दोनशे लोकांसमोर मी तो स्पीकरवर लावला. 'मेथीच दिली' ला सगळा हॉल फुटला. आणि मावशी, मी पण हसले. व्हिडिओत दिसतं ते. तुलाही दिसलं असणार.

आता दुसरंही सांगून टाकते, नाहीतर पुन्हा घड्याळाचे ठोके ऐकू येतील. रविवारी तू एकेक शब्द जोर लावून बोलायचीस, मधे थांबायचीस, आणि मी इकडे लॅपटॉपवर काहीतरी बघत 'हं, हं' करायचे. वीस मिनिटं बोलायचं ठरलं होतं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला मी म्हणायचे, "मावशी, तुटतंय गं, रेंज नाही." आमच्या घरात रेंज पूर्ण असते. 'रेंजरडे' हा शब्द मी माझ्यावरूनच पाडला आहे. त्यात अनुभव दिसतो असं तू लिहिलंस, तेव्हा तुला हेही माहीत होतं का?

मी फोनकोशातून 'बिजागरी' खोडून टाकते आहे. साईनाथला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगायचं ना आधी." व्हिडिओ टाकणाऱ्याला तो काढायला लावला. पण कुठे कुठे पोचलाय ते कुणालाच माहीत नाही.

पाडव्याला येऊ का? तू काही बोलली नाहीस तरी चालेल.

ऋचा


कोथरूड,
२ एप्रिल २०२५

चि. ऋचास,
आशीर्वाद. या वेळचे मनापासून आहेत.

पाडव्याला तू आलीस तेव्हा मी घरातच होते. तू तीनदा बेल वाजवलीस, मग श्रीखंडाचा डबा दाराशी ठेवून कठड्याला टेकून उभी राहिलीस. मी आतून दाराच्या भोकातून बघत होते. दार उघडलं असतं तर बोलावं लागलं असतं. श्रीखंड चांगलं होतं, वेलदोडा जास्त.

तुला वाटतंय की मी रागाने गप्प आहे. राग आला होता, खोटं कशाला बोलू. तो व्हिडिओ पाहून मी आंघोळीच्या नळाखाली बसून रडले, कारण रडण्याचा आवाजही आता बिजागरीसारखाच येतो आणि भिंती पातळ आहेत. पण फोन कपाटात गेला तो रागामुळे नाही. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी माझा आवाज ऐकतच नव्हते. तुमचं हसू ऐकत होते. ते मला ओळखीचं वाटलं.

तू शब्द पाडतेस हे तुझ्याकडे कुठून आलं, याचा कधी विचार केलास? आम्ही ट्रंक बोर्डावरच्या, परगावचे कॉल जोडून देणाऱ्या मुलीही हेच करायचो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नाव असायचं. वाक्याआधी खोकणारे एक वकील होते, ते 'खोकलेश्वर'. लाइन मिळायला उशीर झाला की शिट्ट्या फुंकल्यासारखे ओरडणारे व्यापारी म्हणजे 'कुकर'. सगळ्यांत जास्त नावं मी ठेवायचे. माझा आवाज तेव्हा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख होता आणि त्याची मला घमेंड होती.

मांजरीचे एक महिपती म्हणून गृहस्थ होते. शेतकरी, चाळिशीचे. १९८३ सालची गोष्ट. त्यांची मुलगी नांदेडला दिली होती. दर शनिवारी ते गावातल्या खताच्या दुकानातून नांदेडचा कॉल बुक करायचे. बोलताना फार अडखळायचे. एकेका शब्दावर थांबायचे, वाट बघायचे, मग तो शब्द यायचा. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे पडून "तीन मिनिटं झाली" सांगायचं असा नियम. तीन मिनिटांत त्यांचं 'बरी आहेस ना' एवढंच व्हायचं. त्यांचं नाव मी 'अडकित्ता' ठेवलं होतं.

एका शनिवारी त्यांना नांदेड जोडून देण्याआधी शेजारच्या मुलीला मी म्हणाले, "आला बघ अडकित्ता, पान लावून ठेव." ती खुदकन हसली, मग मीही हसले. बोलण्याची कळ बंद करायची राहून गेली होती. नवशिकी मुलगीसुद्धा ही चूक पहिल्या आठवड्यातच करते, आणि मला तेव्हा पाच वर्षं झाली होती. लाइनीवर ते होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग बराच वेळ लावून ते म्हणाले, "राहू द्या." कॉल रद्द केला. तिकडे नांदेडला मुलगी फोनशी येऊन उभी होती.

त्यानंतर त्या दुकानातून त्यांचा कॉल कधी आला नाही. गिऱ्हाइकाशी खाजगी बोलायचं नाही असा आमचा नियम होता. मी त्या नियमामागे लपले. निवृत्त होईपर्यंत लपले आणि नंतर विसरले असं स्वतःला सांगितलं. आता भाजीवाला मला "काय? काय म्हणालात?" विचारतो आणि मागची बाई पुढे हात घालून कोथिंबीर उचलते, तेव्हा मला महिपती आठवतात. मला हे बरं झालं असं वाटत नाही. पण जास्त झालं असंही म्हणवत नाही.

तेव्हा मी तुझा न्याय करायला बसलेली नाही, माझी ती लायकी नाही. एक मात्र सांगते. 'बिजागरी' खोडू नकोस. खोडलेला शब्द लोक आधी वाचतात. आणि पत्रात माफी मागणं आपल्या दोघींनाही सोपं जातंय. हसणं दोनशे लोकांत झालं होतं.

श्यामलामावशी


खराडी,
१० एप्रिल २०२५

ती. मावशीस,
काल आमची महिन्याची मोठी मीटिंग होती, त्याच हॉलमध्ये. शेवटी 'कुणाला काही बोलायचंय का' विचारतात आणि कुणी बोलत नाही. मी हात वर केला.

मी म्हणाले की भाषा दिनाला मी जो आवाज ऐकवला तो माझ्या मावशीचा आहे. ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला आणि तिने तीन महिन्यांनी पहिल्यांदा बोलून मला विश्वासाने पाठवला होता. तो मी तिला न विचारता तुम्हाला ऐकवला आणि तुमच्याबरोबर हसले. एवढंच पाठ केलं होतं. माझाच आवाज मधे दोनदा बंद पडला. एचआरच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या की याला खूप हिंमत लागते, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. ज्या लोकांसमोर मी वाईट वागले त्यांच्याचकडून शाबासकी घेऊन खाली बसले. नंतर मी वॉशरूममध्ये गेले आणि जेवायची सुट्टी संपेपर्यंत बाहेर आले नाही.

साईनाथ माझ्याशी नीट बोलायला लागला आहे. त्याला मी महिपतींबद्दल विचारलं. तू विचार म्हणाली नव्हतीस, रागावणार असलीस तर रागाव. तो लगेच म्हणाला, "अडखळत बोलणारे महिपतीआज्जा? आमच्या आळीपलीकडं राहतात." पंच्याऐंशीचे आहेत. जमिनीवर आता बिल्डिंगा झाल्या, ते मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर असतात. त्यांची मुलगी अजून नांदेडलाच आहे.

साईनाथने घरून नंबर आणून दिला. तो वेगळ्या कागदावर लिहून या पाकिटात ठेवला आहे. फाडून टाकलास तरी मी कधी विचारणार नाही.

फोनकोशात 'बिजागरी' तसाच ठेवला आहे. पुढे अर्थ बदलून लिहिलाय: 'माझ्या मावशीचा आवाज. हा ऐकून मी हसले होते. ऋचा.' बरोबर आहे का?

ऋचा


कोथरूड,
२१ एप्रिल २०२५

चि. ऋचास,
आशीर्वाद. अर्थ बरोबर आहे. त्यात बदल नको.

तुझा तो कागद मी सहा दिवस डब्यांच्या फळीवर ठेवला. तिथे दिवसातून दहा वेळा हात जातो. काल सकाळी साड्यांखालून फोन काढला, चार्जिंगला लावला आणि दार-खिडक्या लावून म्हणायची वाक्यं मोठ्याने चारदा म्हटली. दहा वाजता नंबर लावला. दहाच का, तर सवय.

कुणा मुलीने उचलला. मी कसंबसं "महिपती" म्हणाले. तिने "आज्जा, तुमाला हाय" म्हणून फोन दिला. आणि माझा घसा मिटला. चारदा म्हटलेली वाक्यं गेली. थेरपिस्ट बाईंनी शिकवलं आहे की अशा वेळी टेबलाला दोन्ही तळवे टेकवून जोर द्यायचा, त्याने तंतू जवळ येतात. म्हणून फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला. (हो, मीही स्पीकरदार.) जोर दिला, नुसती हवा आली. शेजारी कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी. मला वाटलं, आता ते ठेवतील. कुणीही ठेवतं. भाजीवाला दोन सेकंद थांबत नाही.

ते थांबले. दुसऱ्या शिट्टीनंतर त्यांचा आवाज आला, अजून तसाच, थांबत थांबत. "सावकाश बोला. म्या हाय."

मग मला बोलता आलं. मी म्हणाले, मी पुण्याच्या एक्स्चेंजातली बाई. त्र्याऐंशी साली तुम्हाला अडकित्ता म्हणाले होते आणि हसले होते. माझं चुकलं. या तीन वाक्यांना बहुधा पाच मिनिटं लागली असतील.

त्यांनीही वेळ घेतला. म्हणाले, "ठाव हाय मला." मला वाटलं होतं विसरले असतील. मनातून तशी आशाच करत होते.

मग त्यांनी सांगितलं. त्या शनिवारनंतर ते लेकीशी फोनवर बोललेच नाहीत. बायको बोलायची. पुढे घरी फोन आला, मग हातात मोबाइल आले, तरीही नाही. "लेक इचारायची, दादा कुठं हायत? ही सांगायची, रानात गेल्यात. म्या तितंच उभा असायचो." बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आता सून सांगते.

ऋचा, बेचाळीस वर्षं मला वाटत होतं की मी त्यांचा एक कॉल घालवला.

त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. मीही माफी मागितली नाही, ती मागण्यासारखी राहिलीच नव्हती. त्यांनी विचारलं, "तुमच्या घशाला काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग तुमालाबी लोक मधीच तोडत आसतील." मी हो म्हणाले. ते म्हणाले, "लई राग येतो." मी म्हणाले, येतो. मग आम्ही बराच वेळ कोणत्या शब्दावर कोण अडतं हे बोलत होतो. त्यांना 'क' जड जातो, मला 'ऋ'. तुझ्या आईने तुझं नाव ठेवताना माझा विचार करायला हवा होता.

शेवटी ते म्हणाले, "ठेवू का?" आणि ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तुझ्या कोशात दोन माणसं वाढव. सगळं मिळून पस्तीस मिनिटं झाली. ऑपरेशननंतर मी एका दमात इतकं बोलले नव्हते. ठेवता ठेवता ते म्हणाले, "पुढल्या आइतवारी करा. म्या घरीच आसतो."

त्यामुळे रविवारी दहाची वेळ आता त्यांना दिली आहे. तू साडेदहानंतर कर. मी उचलेन. नाव घ्यायला वेळ लागेल. मी अडले तर तुझी रेंज जाऊ देऊ नकोस.

श्यामलामावशी